बॅक पामसाठी कुठला कॅट घ्यायचा, आणि तो मळवायचा कसा

एका मुलाने विचारलंय, वय १९, दीड वर्ष व्हिडिओ बघून पत्त्यांचे बॅक पाम (पानं हाताच्या मागे लपवणं) आणि फॅन (पानांचा पंखा उघडणं) करतोय, आणि स्वतःचा एक व्हिडिओही पाठवलाय. हात लहान आहे. बाहेरून मागवलेले महागडे सात-आठ कॅट घेऊन झाले, तरी पाच पानांच्या पुढे गेलं की सगळं सटकून खाली येतं. त्याचा प्रश्न असा की स्टेज मॅनिप्युलेशनसाठी, म्हणजे स्टेजवर हातचलाखीने पत्ते काढण्या-लपवण्यासाठी, बेस्ट पत्ते कुठले, रोज किती तास प्रॅक्टिस करायची, आणि हात लहान असेल तर हा नाद सोडून द्यावा का.

मी २६ वर्षं शो करतोय. वाढदिवस, मंडळं, कंपन्यांची गेट-टुगेदर, अधूनमधून बरं थिएटर. स्टार वगैरे नाही पण पत्त्यांचा आयटम मी एकदाही प्रोग्राममधून काढलेला नाही, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे तुझा हात दोषी नाही, तुझा कॅट दोषी आहे. आणि तो स्वस्त आहे म्हणून नाही, नवा आहे म्हणून. तू प्रत्येक वेळी पानं सटकली की नवीन कॅट उघडतोयस आणि त्यातच सगळी गोची आहे. मॅनिप्युलेशनचा कॅट विकत मिळत नाही रे, तो मळवावा लागतो. कणीक मळतात त्या अर्थाने मळवायचा, आणि घाण होऊन मळतो त्या अर्थाने मात्र अजिबात मळू द्यायचा नाही. या दोन मळण्यांच्या मधे जो कॅट सापडतो तो शोचा कॅट.

आता हे का, ते समजून घे म्हणजे पैसे वाचतील. बॅक पाममधे पान बोटांच्या मागे असतं, अंगठ्याजवळचं बोट आणि करंगळी ही दोन बोटं त्याच्या लांब कडा बाहेरून पकडतात, मधली दोन बोटं मागून टेकू देतात. हाताची मागची बाजू सपाट नसते, बोटं किंचित वाकलेलीच असतात, म्हणजे पानालाही तेवढं वाकून बसावं लागतं. एक पान बिचारं वाकतं. पण कोरं करकरीत पान सतत सरळ व्हायला बघतं, आणि अशी पाच पानं एकत्र आली की पाचांचा जोर तुझ्या करंगळीवर येतो, दहा आली की दहांचा. करंगळी किती ओढून धरणार? म्हणून पाचनंतर सटकतं. तुझी पकड कमी पडत नाहीये, गड्डी तुझ्याशी भांडतेय. तीच पानं मऊ झाली की हाताच्या मागे ओल्या रुमालासारखी पडून राहतात आणि बोटाला जोरच लावावा लागत नाही.

आता कुठला कॅट. दोन गोष्टी बघ, रुंदी आणि जाडी. पोकर साईझचं पान साधारण ६३ मिमी रुंद आणि ८८ मिमी उंच असतं, ब्रिज साईझ ५७ मिमी रुंद, उंची तीच. उंचीचा त्रास नसतो, ती मनगटाकडे मागे लपून जाते, त्रास सगळा रुंदीचा. चार बोटं जुळवून पानावर ठेव, दोन्ही बाजूच्या कडा झाकल्या गेल्या तर पोकर साईझ घे, कड बाहेर दिसत असेल तर गुपचूप ब्रिज साईझ घे, त्यात कमीपणा काही नाही. पन्नास फुटांवरून बघणाऱ्या माणसाला ते सहा मिमी दिसत नाहीत, पण तुझ्या करंगळीला तेच सहा मिमी म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडे दुकानात दोन्ही मापं मिळतात, फक्त बॉक्सवर लिहिलेलं असतंच असं नाही, त्यामुळे खिशात पट्टी घेऊन जा. दुकानदार बघेल तुझ्याकडे विचित्र नजरेने, बघू दे.

जाडीसाठी सोपी युक्ती म्हणजे ५२ पानं टेबलावर ठोकून सरळ कर आणि उंची मोज. नेहमीचा चांगला कागदी कॅट १५-१६ मिमी भरतो, म्हणजे एक पान ०.३ मिमीच्या आसपास. १३ मिमीच्या जवळपास भरणारा कॅट मिळाला तर सोडू नकोस. वीस पानांच्या गड्डीत हा फरक जवळपास एक मिलिमीटरचा पडतो आणि बोटांच्या फटीत एक मिलिमीटर म्हणजे फार झाला.

तू ज्यांची नावं लिहिली आहेस ते फॉइल मारलेले, चकचकीत पाठीचे कॅट दिसायला देखणे आहेत, टेबलवर बसून कार्ड ट्रिक करायला किंवा नुसते फिरवायला मस्तच, पण फॉइलमुळे पान आणखी कडक होतं आणि वरून लाईट पडला की आरशासारखं चमकतं. बॅक पामच्या माणसाला चमकणारं पान म्हणजे चोराच्या पायात घुंगरू. आणि ते सोनेरी प्लास्टिकचे पत्ते, जे जत्रेत पण मिळतात, ते तर घेऊच नकोस. प्लास्टिक मऊ होतच नाही, वाकवलं की टण्णकन परत येतं, शिवाय आवाज करतं. कागदच पाहिजे. कागदाची चांगली पानं दोन कागद मधे काळसर गोंद लावून चिकटवलेली असतात, म्हणून त्यातून उजेड आरपार जात नाही. स्वस्तातला कॅट घेताना हे तपास, पान ट्यूबलाईटसमोर धर, पलीकडचे बदाम दिसले तर तो कॅट रमीला ठेव.

ब्रँड विचारशील तर बायसिकलचा साधा रायडर बॅक, लाल किंवा निळा, हा शिकायला कधीच चुकीचा नाही. १८८५ पासून हे नाव बाजारात आहे, कुठेही मागवता येतो आणि आजचा कॅट फाटला तर उद्या तसाच दुसरा मिळतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. एक जात धर आणि दोन वर्षं बदलू नकोस. पानाचं वजन, कडेची धार, लवचिकता हे सगळं हात पाठ करतो आणि तू दर महिन्याला पान बदललंस की हाताचा पाठ पुसला जातो. मी लाल पाठीचे वापरतो कारण माझा कोट काळा आहे आणि निळी पाठ पिवळ्या लाईटमधे काळपट दिसते. पांढरी बॉर्डर असावी का हे ज्याने त्याने ठरवावं, बॉर्डर असलेला फॅन उघडला की एकेक पान वेगळं दिसतं, बिनबॉर्डरचा फॅन एकसंध रंगाचा पट्टा दिसतो. मला बॉर्डर आवडते.

आपल्या सावंतवाडीचे गंजिफा बघितलेस का कधी? गोल पानं, हाताने रंगवलेली, लाखेचा थर, दशावतारी संचात १२० पानं. एकदा एका मित्राकडे हातात घेतली होती आणि खोड म्हणून बॅक पाम करून बघायचा मोह झाला होता. गोल पानाला कोपराच नाही, धरणार कुठे! ठेवून दिली निमूट.

तर मळवणं. दहा-बारा पानं घे, दोन्ही टोकं धरून धनुष्यासारखी हळू वाकव, मग उलट्या बाजूला. घडी पडता कामा नये, नुसता बाक. वीस-पंचवीस वेळा एका बाजूला तेवढंच दुसऱ्या बाजूला, मग पुढची दहा-बारा. हे टीव्ही बघताना करायचं काम आहे, आमच्याकडे मी सोफ्यावर बसून पानं वाकवायला लागलो की बायको म्हणते सुरू झालं तुमचं लाटणं. रोज पंधरा मिनिटं, आठ-दहा दिवसांत पानाचा करकर आवाज बंद होतो आणि हातात धरलं की टोक जरासं लोंबायला लागतं. झाला तयार. तेल, मेण, असलं काही लावू नकोस, कुणीतरी सांगतं आणि पानं वाया जातात.

रात्री मात्र ती पानं प्लायच्या दोन तुकड्यांमधे घालून छोट्या क्लॅम्पने आवळून ठेव, नाहीतर मऊ झालेलं पान सकाळी पापडासारखं वेडंवाकडं. रबरबँड लावायचं नाही, कडेला खाच पडते आणि ती खाच नेमकी बोटांच्या फटीत अडकते. आणि हात साबणाने धुवून, कोरडे करूनच कॅटला हात लावायचा. चिवडा खाता खाता प्रॅक्टिस करणारी मुलं मी बघितली आहेत. दुसरा मळण्याचा अर्थ तिथून सुरू होतो.

पावडर. फॅन करायला झिंक स्टिअरेटची पावडर वापरतात, तिने पानं एकमेकांवरून लोण्यासारखी सरकतात आणि पंखा एकसारखा उघडतो. टाल्कम पावडर हा त्याला पर्याय नाही, ओल धरते आणि गोळे होतात. पिशवीत पानं घालून चिमूटभर पावडर टाकून हलवायची, मग एकेक पान फडक्याने पुसायचं, तोंडाला रुमाल बांधून कर कारण ती धूळ फुफ्फुसात जाणं चांगलं नाही. पण लक्षात घे, हीच पावडर बॅक पामच्या गड्डीला मारलीस तर गड्डी साबणासारखी निसटेल. माझ्याकडे म्हणून दोन वेगळे कॅट असतात, फॅनचा पावडरवाला, प्रॉडक्शनचा, म्हणजे हवेतून पानं काढायचा, कोरडा. तुझ्या व्हिडिओत बॉक्सशेजारी पावडरची डबी दिसतेय म्हणून हे मुद्दाम लिहिलं, तुझं अर्धं सटकणं बहुतेक तिथेच आहे.

आपल्या हवेचं तर कुठल्याच बाहेरच्या व्हिडिओत सांगत नाहीत. कागद ओल पितो. गणपतीत चिपळूणजवळ एका मंडळात शो होता, धो धो पाऊस, आणि मी कॅट बॅगेत तसाच टाकून नेलेला. हातात घेतला तेव्हा जाड वाटला, म्हटलं चालेल. पहिली सात पानं छान आली, एकेक हवेतून, टाळ्या. आठव्याला अंगठा लावला तर तीन पानं चिकटून एकत्र आली, दोन खाली पडली, ती सावरायला मी हात फिरवला आणि पुढच्या रांगेतलं एक पोरगं उभं राहून ओरडलं, मागे आहेत, हाताच्या मागे आहेत! अख्खा मांडव हसला. मी पण हसलो, दुसरं काय करणार, उरलेली सगळी गड्डी त्या पोराच्या हातात दिली आणि म्हटलं तूच मोज किती आहेत. निभावलं कसंबसं. तेव्हापासून पावसाळ्यात कॅट झिपच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या आत, आणि पिशवी स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधीच उघडायची. उलट जानेवारीत पुण्यात किंवा विदर्भात हात इतके कोरडे पडतात की पान धरवत नाही, तेव्हा अर्ध्या तासाआधी ग्लिसरीनचा एक थेंब तळहातावर चोळायचा आणि वरचं पुसून टाकायचं. घाम येणाऱ्यांनी खिशात सुती रुमाल ठेवावा. आमच्या वेळचे काही जण तुरटीचा खडा फिरवायचे हातावर, मीही फिरवतो.

आता रियाज. तास विचारू नकोस. सलग दोन तास केलेस तर दुसऱ्या तासात तू दमलेल्या हाताच्या चुका पाठ करत असतोस. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. बोटांच्या बेचक्यात कातडी सोलवटते ते चालतं, महिन्याभरात घट्टा पडतो, पण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी आतून ठणका लागला तर दोन-चार दिवस सरळ सुट्टी घ्यायची. तिथे हिरोगिरी करून मी एकदा दोन महिने घालवलेत.

उभा राहून कर, आणि पलंगासमोर कर. पलंगासमोर अशासाठी की पानं पडणार, हजारदा पडणार, ती गादीवर पडली तर कोपरे शाबूत राहतात आणि तुझी कंबरही. बसून केलेला बॅक पाम उभं राहिल्यावर येत नाही हे तुला माहीत असेलच.

सुरुवात एका पानाने, तीही पुन्हा. तू पाचावर आहेस म्हणतोस पण तुझ्या व्हिडिओत एका पानाचं मागून पुढे येणंच दिसतंय, कोपरा फटीतून डोकावतो. एक पान मागून पुढे, पुढून मागे, दोन्ही हातांनी, आणि हो, डाव्याने सुद्धा. ते इतकं झालं पाहिजे की तुला फोनवर बोलताना जमेल. मग पाच पानांचा स्प्लिट, म्हणजे मागच्या गड्डीतून एकच पान वेगळं करणं. हे नीट वाच. बोटं मुठीसारखी आत येतात, मागची गड्डी त्यांच्याबरोबर अंगठ्यापाशी येते, अंगठा सगळ्यात पुढच्या पानावर नुसता टेकतो, आणि बोटं सरळ होताना बाकीची चार मागे निघून जातात, एक अंगठ्यापाशी राहतं. शब्द बघ, राहतं. अंगठ्याने पान ओढायचं नाहीये. बहुतेक सगळे अंगठ्याने ओढतात, ओढायला दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की खालचं पान पण बरोबर येतं. अंगठा जागेवर, हलतात ती बोटं. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर!

पाचाचं पक्कं झालं की दर पंधरा दिवसांनी दोन पानं वाढव. घाई नको. मी वीस-बावीसवर थांबतो कारण माझ्या हाताला त्याच्या पुढे अँगल सांभाळता येत नाही, बाजूने बघणाऱ्याला पानं दिसतात. प्रेक्षक मोजत नाही, त्याला फक्त संपत नाहीयेत असं वाटलं पाहिजे.

ताल. मी फोनवर तीनतालाचा लेहरा लावतो, विलंबितच्या जवळची लय. चार मात्रांत एक पान, पहिल्या मात्रेला पान दिसतं, दुसऱ्याला मी त्याच्याकडे बघतो, तिसऱ्याला ते खाली सोडतो, चौथ्याला हात परत वर. सोळा मात्रांत चार पानं, समेवर पान दिसलंच पाहिजे. गडबडीने पटापटा पानं काढणारा माणूस चलाख दिसतो, जादूगार दिसत नाही, आणि हे दोन वेगळे धंदे आहेत. कार्डिनी नावाचा मूळचा वेल्सचा जादूगार होऊन गेला, पहिल्या महायुद्धात खंदकात थंडीमुळे हातमोजे घालूनच पत्त्यांची प्रॅक्टिस करायचा असं सांगतात. पुढे स्टेजवर तो एका डोळ्याचा चष्मा लावलेला, दारू जरा चढलेला साहेब व्हायचा आणि पानं त्याच्या मनाविरुद्ध हातात यायची, तो वैतागून फेकायचा की पुन्हा आलीच! पानांपेक्षा त्याच्या तोंडाकडे बघावं. अलीकडचा बघायचा तर कोरियाचा यू हो जिन, २०१२ ला इंग्लंडात ब्लॅकपूलला झालेल्या फिझम या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत त्याला स्टेजचं ग्रां प्री मिळालं. त्याची लय बघ, किती थांबतो ते बघ. आपल्याकडे जादूचा प्रयोग म्हटलं की रघुवीर, पी. सी. सरकार, के. लाल आठवतात, पेट्या, कापणं, गायब करणं असा मोठा थाट, त्यामुळे रिकाम्या हाताने आठ मिनिटं नुसते पत्ते दाखवणारा माणूस पब्लिकला नवाच वाटतो. तो तुझा फायदा आहे.

आरसा पहिले दोन-तीन महिने ठीक, नंतर फोनचा कॅमेरा. कारण आरशासमोर आपण नेमकं पान लपवायच्या, म्हणजे चोरीच्या क्षणी डोळे मिटतो आणि आपल्याला कळतही नाही, सगळेच मिटतात, मीही मिटायचो. कॅमेरा एकदा समोर ठेव, एकदा डावीकडे तिरका, एकदा जमिनीजवळ. मांडवात पोरं खाली सतरंजीवर बसतात, ती खालून वर बघतात, आणि मंडळाच्या स्टेजला हॅलोजन बाजूने मारलेले असतात. बाजूचा लाईट बोटांच्या फटीतून आलेला कोपरा असा काही चमकवतो की शेवटच्या रांगेला दिसावा. शक्य असेल तिथे मी बाजूचे दिवे बंद करायला सांगतो आणि मागे गडद पडदा मागतो, नाही मिळाला तर बॅक पामची पानं निम्मी करतो. कोट घालूनही रियाज कर, बाही दोन इंच लांब असेल तर सगळं गणित बदलतं.

शोचा कॅट वेगळा, रियाजाचा वेगळा, पण दोघांचा मऊपणा सारखा हवा. मी बॉक्सवर आतल्या बाजूला तारीख लिहितो. मळवलेला कॅट आधी पाच-सहा शो स्टेजवर जातो, कडा काळ्या पडायला लागल्या की रियाजाला, फाटला की भाच्यांना. म्हणजे तुला सतत एक कॅट मळवत ठेवावा लागणार, दही लावतात तसं.

हवेतून काढलेली पानं टाकायला टोपी नसली तर पातेलं चालेल, आत फडकं घाल नाहीतर प्रत्येक पानाला ठण्ण वाजतं, काहींना तो आवाज आवडतो, मला नाही.

त्या सात-आठ कॅटचं काय करायचं असंही विचारलंयस. फॉइलवाले ठेवून दे किंवा वीक. साधे कागदी असतील त्यातला एक निवड, पावडर पुसून काढ, आजपासून वाकवायला घे, आणि पंधरा दिवसांनी फक्त सात पानांचा व्हिडिओ पाठव, पाठीमागून लाईट ठेवून, सिलिंग फॅन बंद करून.